बेचाळीस टक्क्यांची सायकल

ग्रॅहमने घडीची सायकल घेतली, त्या सोमवारी मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लंडनपर्यंत उभ्याने गेले.

ग्रॅहम ट्यूसन आणि मी एकाच गाडीने एकाच ऑफिसात जातो. तो माझ्या एक स्टेशन आधी, लेचवर्थला चढतो, मी हिचिनला. सात बाराची गाडी, पुढून चौथा डबा, डावीकडच्या दोन जागा. एका जागेवर ग्रॅहम, दुसऱ्या जागेवर ग्रॅहमचा रेनकोट. मी आले की रेनकोट उठायचा आणि मी बसायची. याबद्दल आम्ही एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता. आमच्याकडे टिकलेल्या गोष्टींबद्दल कुणी बोलत नाही. बोललं की त्या संपतात असा अनुभव आहे.

त्या सोमवारी रेनकोट नव्हता. ग्रॅहम दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभा होता आणि त्याच्या पायाशी, शिकवलेलं कुत्रं बसावं तशी, एक लाल सायकल घडी होऊन बसली होती.

"बेव, इकडे ये. बघ. तीन हालचाली. मोज."

त्याने चालत्या गाडीत ती उलगडली आणि पुन्हा मिटली. समोर लॅपटॉप घेऊन बसलेल्या बाईने कानातल्या इअरफोनचं एक बोंडूक काढून बघितलं. आमच्या गाडीत याहून मोठा सन्मान नाही.

"रेनकोट कुठाय?" मी विचारलं.

"रेनकोट कशाला? आज ऊन आहे की."

सकाळच्या गर्दीच्या वेळी गाडीत साधी सायकल नेऊ देत नाहीत, घडीची चालते. त्यामुळे ती घडीची, हे मला कळत होतं. ती सीटवर मावत नाही, म्हणून मालकाने तिच्याशेजारी उभं राहायचं, हेही कळत होतं. कळल्याने पाय दुखायचे थांबत नाहीत, एवढंच.

फॅरिंग्डनला उतरून ऑफिसपर्यंत अठरा मिनिटं चालावं लागतं. ही अठरा मिनिटं आमची. एड्रियनने, म्हणजे आमच्या बॉसने, काल काय मूर्खपणा केला, हे आम्ही तेवढ्यात बोलून संपवायचो आणि ऑफिसात शिरताना दोघंही प्रसन्न असायचो. त्या दिवशी ग्रॅहमने स्टेशनाबाहेर सायकल उघडली, "भेटू वर!" म्हणाला आणि गेला. पन्नाशीचा माणूस लहान चाकांवर बसला की पाठीमागून फार सुखी दिसतो. मी ते सुख सिग्नलपर्यंत पाहिलं.

मी पोहोचले तेव्हा त्याचा चहा पिऊन झाला होता आणि निम्मं ऑफिस त्याच्या टेबलाखाली वाकलेलं होतं.

आमचं काम वाकून बघण्याचंच आहे. कुणाच्या घरात पाइप फुटतो, कुणाच्या भिंतीला तडा जातो. लोक विमा कंपनीकडे पैसे मागतात. कंपनी आम्हाला पाठवते. घरमालक शपथेवर सांगतो की तडा परवाच्या वादळात गेला. आम्ही बॅटरी मारून तड्याच्या आत बघतो. आत कोळ्याचं जाळं असेल, तर तडा परवाचा नाही. हे ग्रॅहमला मी शिकवलं. तो माझ्यानंतर दोन वर्षांनी लागला, तेव्हा त्याला ओल आणि गळती यांतला फरकही कळत नव्हता. आता आम्ही दोघंही वरिष्ठ निरीक्षक. पाटीवर दोघांचा हुद्दा सारखा, अक्षरांचा आकारही सारखा. मी मोजून पाहिलाय.

घरी येऊन मी क्लाइव्हला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता.

"मग तूही घे एक," तो म्हणाला.

"मला सायकल नकोय."

"मग काय हवंय?"

"त्याच्याकडे नसायला हवी."

"हे जरा अवघड आहे," क्लाइव्ह म्हणाला आणि पुढच्या रोपाकडे वळला. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला एकदाही चूक म्हटलेलं नाही. त्यामुळे मला फार एकटं वाटतं.

मत्सराबद्दल लोक उगीच वाईट बोलतात. मत्सराने मला त्या आठवड्यात वक्तशीर केलं, सडपातळ केलं आणि निरीक्षणात तरबेज केलं. ग्रॅहमची मांडी बारीक झाल्याचं त्याच्या बायकोच्या आधी माझ्या लक्षात आलं. त्याने सायकलीला पितळी घंटा बसवली, ते दिवस मला जड गेले. तो ऑफिसच्या लिफ्टमध्येही घंटा वाजवायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या देशात माणूस आपला पगार मरताना डॉक्टरलाही सांगत नाही. कुणी कुणाला मत दिलं, कुणाला मूळव्याध आहे, कुणाचा घटस्फोट कशावरून झाला, हे मला सगळ्यांचं माहीत आहे. पगार कुणाचाही माहीत नाही. विचारणं म्हणजे यजमानाच्या घरी जाऊन त्याचं कपाट उघडण्यासारखं. पण तोच माणूस एखादी वस्तू किती स्वस्तात मिळाली, हे बसस्टॉपवरच्या अनोळखी बाईला थांबवून सांगतो. स्वस्तात मिळवणं ही आमच्याकडे सद्गुणांत मोडणारी गोष्ट आहे, आणि सद्गुण लपवू नयेत.

"दीड हजार पौंडांची सायकल," ग्रॅहम चहाच्या खोलीत म्हणाला. सगळे होते. "मला कितीला पडली, विचारा."

कुणी विचारलं नाही. त्याने तरीही सांगितलं.

"कंपनीची ती योजना आहे ना! सायकल कंपनी घेते, आपल्याला वर्षभर भाड्याने देते. भाडं पगारातून कापतात, पण कर लागायच्या आधी. म्हणजे तेवढ्या पगारावर करच नाही. कागदावर सव्वाशे कापलेले दिसतात, पण हातात येणारा पगार कमी होतो किती? साडेबहात्तर! महिन्याला साडेबहात्तर पौंड! बेचाळीस टक्के वाचले, मंडळी."

"छानच की," सगळे म्हणाले. आमच्याकडे 'छानच की' म्हणजे 'आता पुरे'.

मी म्हणाले नाही. मी पगारविभागात गेले.

तिथे सियान बसते. ती वेल्सची आहे, तिशीची, आणि तिच्याकडे कागद न्यायला गेलं की कागद पाच मिनिटांत आणि गप्पा पाऊण तास. तिने योजना समजावली, सहीच्या जागा दाखवल्या, आपल्या मावशीच्या गुडघ्याचं सांगितलं, आणि दोन आठवड्यांत माझी सायकल आली. गडद हिरवी. ग्रॅहमच्या सायकलीला तीन गिअर होते, हिलाही तीनच. किंमतही तीच, दीड हजार. मी हट्टाने तंतोतंत तीच घेतली; मला मोठेपणा नको होता, बरोबरी हवी होती.

खरं सांगायचं तर ते काही दिवस सुखाचे गेले. दाराजवळ लाल आणि हिरवी शेजारी शेजारी, आणि आम्ही दोघं आपापल्या सायकलीच्या बाजूला उभे. फॅरिंग्डनहून ऑफिसपर्यंत आता सहा मिनिटं लागायची, त्यामुळे एड्रियनचा निम्माच मूर्खपणा बोलून व्हायचा, पण वेगात व्हायचा.

"चढावर खालचा गिअर टाक गं," ग्रॅहम मागे वळून ओरडायचा.

"ओल ओळखायला तुला कुणी शिकवलं?" मी ओरडायची.

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. आठवण करून दिली."

मग महिना संपला आणि पगाराचा कागद आला. हातात आलेला पगार नव्वद पौंडांनी कमी होता.

मी तीनदा वजाबाकी केली. नव्वद. मी कागद घेऊन सियानकडे गेले.

"सियान, चूक झालीये बघ. माझे साडेसतरा पौंड जास्त गेलेत."

तिने पडद्यावर पाहिलं. "नाही हो बेव, बरोबर आहे. सव्वाशे कापले, अठ्ठावीस टक्के वाचले. नव्वद."

"अठ्ठावीस कसे? बेचाळीस वाचतात."

"कुणाचे?"

"ग्रॅहमचे. त्यानेच सांगितलं. सगळ्यांसमोर."

सियान गप्प झाली. सियान गप्प झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. एखादी बारमाही नदी डोळ्यांदेखत आटावी तसं ते दृश्य होतं. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"ते... माणसामाणसावर असतं," ती म्हणाली.

"सायकल तीच आहे."

"सायकलीवर नसतं, बेव."

"मग कशावर असतं?"

"मला नाही सांगता येणार." मग तिने खणातून एक माहितीपत्रक काढलं, माझ्यापुढे सरकवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हे सगळ्यांना देतो आम्ही. मागचं पान कुणी वाचत नाही."

मागचं पान मी परतीच्या गाडीत वाचलं, स्टीव्हनेजच्या आसपास. ग्रॅहम त्या दिवशी केंब्रिजच्या एका फुटलेल्या टाकीकडे गेला होता, हे बरं झालं. पानावर तीन रकाने होते. ज्यांचा पगार पन्नास हजार दोनशे सत्तर पौंडांच्या आत, त्यांना बचत अठ्ठावीस टक्के. त्याच्या वर पगार असेल, तर बेचाळीस. त्याहूनही फार वर असणाऱ्यांसाठी तिसरा रकाना होता, पण त्याच्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

म्हणजे ज्याला पैशाची गरज जास्त, त्याला सायकल महाग. ज्याला कमी, त्याला स्वस्त. याला सरकारी भाषेत प्रोत्साहन म्हणतात. पण सरकारवर रागवायला मला वेळ नव्हता. मी दुसऱ्या रकान्याकडे बघत होते, आणि त्या रकान्यात बसून ग्रॅहम ट्यूसन घंटा वाजवत होता.

माझा पगार किती, ते मी इथेही लिहिणार नाही. मीही याच देशातली आहे. तो पहिल्या रकान्यात बसतो, आणि काठावर नाही, चांगला आत बसतो. म्हणजे सारखी पाटी, सारखी अक्षरं, मी दोन वर्षं आधीची, आणि वर्षाला निदान पाच हजारांचा फरक. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. बिचाऱ्या ग्रॅहमने तर पगाराचं नावही काढलं नव्हतं. त्याने फक्त आपला सद्गुण सांगितला होता.

सायकलीवरचा माझा मत्सर छोटा होता, घडीचा होता. हा उलगडला.

त्यानंतरचे दहा दिवस मी ग्रॅहमशी नेहमीसारखं बोलत होते आणि एकोणीस वर्षं पुन्हा तपासत होते. ऑफिसात चहाच्या दुधासाठी बरणी आहे, आठवड्याला एक पौंड टाकायचा. ग्रॅहम विसरतो. "अरे, माझाही टाक ना गं," म्हणतो, आणि मी टाकते. म्हणजे दुसरा रकाना पहिल्या रकान्याचं दूध पीत होता. त्याची पोर्तुगालची सुट्टी, मी त्याला म्हटलं होतं, "जमवतोस बाबा तू कसंबसं." कसंबसं! त्याच्या घराचं नवीन छप्पर. ते बघायला मी केक घेऊन गेले होते. केक मी घरी भाजला होता. लिंबाचा.

"तू हल्ली गप्प असतेस," तो गाडीत म्हणाला.

"दात दुखतोय."

"डॉक्टरला दाखव. खासगीत दाखव, लगेच होतं. फार नाही घेत."

"तुला फार नाही वाटत."

"काय?"

"काही नाही. दात."

अकराव्या दिवशी मी एड्रियनची वेळ मागितली. एड्रियन फॉसडाइक माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे आणि खांद्यावर हात ठेवल्यासारखं बोलतो. त्याच्या खोलीत आरामखुर्च्या आहेत, त्यात बसलं की माणूस मागे पडतो आणि मागणी करायची ताकद जाते. मी काठावर बसले.

"बोला बेव, काय म्हणताय?"

आता पगाराचा आकडा तोंडातून काढायचा. मी तोंड उघडलं. बावन्न वर्षांचं संगोपन आडवं आलं. मी तोंड मिटलं आणि पत्रक त्याच्या टेबलावर ठेवलं, मागचं पान वर करून.

"माझी सायकल मला नव्वदला पडते," मी म्हणाले.

"अच्छा?"

"मला ती साडेबहात्तरला पडायला हवी."

एड्रियनने पत्रक पाहिलं. हसण्यासाठी चेहरा तयार केला. मग पहिला रकाना वाचला, दुसरा वाचला, आणि चेहरा परत घेतला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सायकलीने."

"बेव, पगार ही ज्याची त्याची खासगी—"

"पगाराबद्दल मी काही बोललेच नाही. मी सायकलीबद्दल आले आहे."

तो खुर्चीत मागे गेला. खुर्ची त्याचीच, त्यामुळे त्याला ती उपयोगी पडली. "हे बघा, मोकळेपणाने सांगतो. मी यायच्या आधीची गोष्ट आहे. आठ वर्षांपूर्वी एकाला बाहेरून बोलावणं आलं होतं. त्याने येऊन सांगितलं. कंपनीने त्याला थांबवण्यासाठी जे करायचं ते केलं. तुम्ही..." तो खरोखर हळवा होऊन म्हणाला, "तुम्ही कधी मागितलंच नाहीत, बेव."

आठ वर्षं. बॅटरी मारली असती तर आत जाळं दिसलं असतं. पण आपल्याच भिंतीत कोण बॅटरी मारतं?

"मागायचं असतं, हे मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मला वाटलं, रांग आहे."

हे मी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं. मी एकोणीस वर्षं आणि वर दोन वर्षं रांगेत उभी होते, आणि रांगेत बोलायचं नसतं. पुढच्याचा नंबर झाला की आपला येतो. रांग मोडल्याचा आरोप सहन करणारा माणूस या देशात अजून जन्मलेला नाही. एड्रियनचे कान लाल झाले.

त्याने एका चिठ्ठीवर आकडा लिहिला, चिठ्ठी उलटी केली आणि माझ्याकडे सरकवली. बोलून दाखवायचं बळ त्याच्यातही नव्हतं. मी उलटली. गोल, गुटगुटीत आकडा होता. पन्नास हजार.

"यात सायकल कितीला पडते?" मी विचारलं.

तो पत्रकाकडे वाकला. त्याचं बोट रकान्यांवरून फिरलं.

"नव्वदलाच," मी म्हणाले. "दोनशे सत्तर पौंड अलीकडे थांबलात तुम्ही."

"बेव, तुमची ती सायकल अजून दहा महिने कंपनीची आहे, माहीत आहे ना? मध्येच नोकरी सोडली तर उरलेली रक्कम एकदम भरावी लागते. करसवलत न मिळता."

"मी कुठे सोडते म्हणाले? मी साडेबहात्तर म्हणाले."

त्याने चिठ्ठी परत ओढली, आकडा खोडला, दुसरा लिहिला. हा दिसायला मुळीच गोल नव्हता. फार सुंदर होता.

पत्र तीन आठवड्यांनी आलं, नवा पगार एप्रिलपासून धरून. सियानने ते स्वतः माझ्या टेबलावर आणून दिलं. "तुमची सायकल स्वस्त झाली हो," ती हळूच म्हणाली आणि मावशीच्या दुसऱ्या गुडघ्याचं सांगायला बसली.

ग्रॅहमला मी मुद्दाम सांगितलं नाही; सायकलीच्या हप्त्यात काहीतरी वजाबाकी चुकलीये, एवढंच पूर्वी बोलले होते. पण सद्गुण लपवू नयेत. पुढच्या सोमवारी दाराजवळ उभे असताना तो म्हणाला, "तुझी ती चुकीची वजाबाकी सुधारली का गं सियानने?"

"सुधारली."

"किती कापतात आता?"

"साडेबहात्तर."

"बघ! मी म्हटलंच होतं ना," तो म्हणाला, आणि मग थांबला. त्याच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ग्रॅहमचं गणित कच्चं नाही, फक्त सावकाश आहे. वेलविनच्या पुलावर त्याचा हिशेब संपला.

"म्हणजे आता तू..."

"हो."

"आणि आधी..."

"हो."

गाडी फिन्सबरी पार्कला येईपर्यंत तो बाहेर बघत होता. मग म्हणाला, "बरं झालं." हे तो ज्या सुरात म्हणाला, त्या सुरात आमच्याकडे दफनविधीला 'हवा चांगली मिळाली' म्हणतात. जरा वेळाने पुढे म्हणाला, "मला त्यासाठी मँचेस्टरला जायची धमकी द्यावी लागली होती. घर बघून आलो होतो मी तिकडचं. बायको दोन महिने बोलत नव्हती. तू नुसतं मागितलंस?"

"नुसतं."

"आणि दिलं?"

"दिलं."

मला ओळख पटली. तो आवाज, ती मान, खिडकीकडे वळवलेले ते डोळे. चार महिने मी ते रोज सकाळी आरशात पाहत होते. तो मत्सर आता माझ्या अंगावरून उतरून त्याच्या अंगावर चढला होता, आणि त्यालाही बरोब्बर बसत होता. मला सुख व्हायला हवं होतं. झालंही, जुलै संपेपर्यंत. त्या काळात तो घंटा वाजवत नव्हता, आणि दुधाच्या बरणीत दर सोमवारी न सांगता एक पौंड टाकत होता. माझ्याशी मात्र तो फक्त हवेबद्दल बोलायचा. सहा मिनिटांच्या रस्त्यात एड्रियनचा मूर्खपणा तसाच साचत चालला होता. आमच्या सायकली वर्षभर कंपनीच्या होत्या. आमच्या स्वतःच्या मालकीचा असा एक मत्सरच होता, आणि तोही आम्हाला एकत्र वापरता येत नव्हता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं वेगवेगळे, पण एकाच वेळी ऑफिसच्या दारात पोहोचलो. लिफ्टजवळ एड्रियन उभा होता. हातात घडीची सायकल. नारिंगी. तीच, तीन गिअरची.

"तुम्हा दोघांचं बघून मलाही वाटलं," तो प्रफुल्लित होऊन म्हणाला. "योजनेतूनच घेतली. काय स्वस्त पडते हो! मला कितीला पडली, विचारा."

आम्ही विचारलं नाही. लिफ्ट आली, तो आत गेला, आणि सायकलीसह लिफ्टमध्ये एकाचीच जागा असल्यामुळे एकटाच वर गेला.

ग्रॅहमने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून पत्रक काढलं. ते मी अजून टाकलेलं नव्हतं. तिसरा रकाना. एक लाख पंचवीस हजारांच्या वर. सत्तेचाळीस टक्के. आम्ही दोघांनी एकदमच माना खाली घातल्या.

"सहासष्ट," ग्रॅहम म्हणाला.

"आणि वर पंचवीस पेन्स."

"नालायक," ग्रॅहम म्हणाला. किती मनापासून म्हणाला!

"त्याला भिंतीतली ओल तरी कळते का रे?"

"ओल? मागच्या महिन्यात त्याने एका बाईला गळती म्हणून सांगितलं, आणि निघालं काय, तर मांजर!"

"हे तू मला सांगितलंच नाहीस."

"तू कुठे बोलत होतीस?"

संध्याकाळी पाच अडतीसच्या गाडीत आम्ही दोन्ही सायकली दाराजवळच्या कठड्याला एकाच पट्ट्याने बांधल्या आणि त्यांना तिथेच सोडून आत गेलो. डावीकडच्या दोन जागा रिकाम्या होत्या. ग्रॅहम खिडकीकडे बसला, त्याने रेनकोट काढून मांडीवर घेतला. मी शेजारी बसले. मांजराची गोष्ट हिचिन येईपर्यंत पुरली, आणि लेचवर्थपर्यंत तो एकटाच हसत गेला असणार, कारण उतरताना मी त्याला सांगितलं की सकाळी दुधाच्या बरणीजवळ एड्रियनला मी पहिल्यांदाच एक पौंड मागितला, तर तो म्हणाला, सुट्टे नाहीत.